विश्लेषण : पिचरच्या सरावाचे चेंडूच बंद करणारे बॅन जॉन्सन कोण होते? इनिंगमधला वेळ पंच कसा सांभाळतात?

आंतरराष्ट्रीय एकदिवसीय आणि टी-२० क्रिकेटमध्ये एक षटक संपल्यावर ६० सेकंदांत पुढचे सुरू करावे लागते. दोन ताकिदींनंतरही उशीर झाला तर पाच धावांचा दंड बसतो. सॉफ्टबॉल आणि बेसबॉलमध्ये असाच प्रश्न दर इनिंगला येतो. संघांची अदलाबदल होताना पिचरला सरावासाठी किती चेंडू टाकू द्यायचे? १९११ मध्ये अमेरिकन लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी यावर टोकाचे उत्तर दिले होते. एकही नाही!

पत्रकार ते लीगचे अध्यक्ष

बायरन बॅनक्रॉफ्ट जॉन्सन यांचा जन्म ५ जानेवारी १८६४ रोजी ओहायो राज्यातील नॉरवॉक येथे झाला. कायद्याचे शिक्षण अर्धवट सोडून ते सिनसिनाटीत वृत्तपत्रात दाखल झाले आणि क्रीडा संपादक झाले. त्या काळातील बेसबॉल त्यांनी जवळून पाहिला. मैदानावर शिवीगाळ चाले, पंचांना धक्काबुक्की होई आणि क्लबचे मालक बहुतेक वेळा आपल्या खेळाडूंनाच पाठीशी घालत. अशा वातावरणात कुटुंबे सामना पाहायला येणार नाहीत, हे जॉन्सन यांना दिसत होते.

१८९० च्या दशकात ते वेस्टर्न लीग या दुय्यम स्पर्धेचे अध्यक्ष झाले. पंचांच्या नेमणुका, त्यांचे संरक्षण आणि बेशिस्त खेळाडूंवर दंड किंवा निलंबन ही सूत्रे त्यांनी आपल्याकडे घेतली. १९०० मध्ये स्पर्धेचे नाव अमेरिकन लीग झाले. १९०१ मध्ये त्यांनी ती नॅशनल लीगच्या बरोबरीची असल्याचे जाहीर केले. नॅशनल लीगमध्ये पगारावर २,४०० डॉलरची मर्यादा होती, त्यामुळे जास्त पैसे देणाऱ्या नव्या लीगकडे अनेक नामवंत खेळाडू वळले. दोन वर्षांच्या संघर्षानंतर १९०३ मध्ये तह झाला आणि त्याच वर्षी पहिली वर्ल्ड सिरीज खेळली गेली.

पंचांची बाजू किती ताणली?

पंचांच्या अधिकारावर जॉन्सन तडजोड करत नसत. बाल्टिमोरचे व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ पंचांशी वारंवार वाद घालत. जॉन्सन यांनी त्यांना निलंबित केले. १९०२ मध्ये मॅग्रॉ अमेरिकन लीग सोडून नॅशनल लीगमधील न्यूयॉर्क जायंट्सकडे गेले. हे वैर इतके टिकले की १९०४ मध्ये जायंट्सने अमेरिकन लीगच्या विजेत्याशी खेळायलाच नकार दिला आणि त्या वर्षी वर्ल्ड सिरीज झाली नाही.

१९११ मध्ये नेमके काय घडले?

सामने लांबतात, म्हणून इनिंगच्या मध्ये पिचरने सरावाचे चेंडू टाकू नयेत, असा नियम जॉन्सन यांनी अमेरिकन लीगमध्ये आणला. कागदावर हिशोब सोपा होता. सामन्यात नऊ इनिंग, म्हणजे संघांची अदलाबदल सतराच्या आसपास. प्रत्येक वेळी एक मिनिट वाचले तरी पाव तासाहून जास्त वेळ वाचतो.

मैदानावर मात्र त्या एका मिनिटात बरेच काही घडत असते. आपला संघ बॅटिंग करत असताना बसून राहिलेल्या पिचरचा हात गार पडलेला असतो. कॅचरला पॅड आणि मास्क चढवायचा असतो. आउटफिल्डर धावत आपापल्या जागी जात असतात.

२७ जून १९११ रोजी बोस्टनमध्ये रेड सॉक्स आणि फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स यांच्या सामन्यात आठवी इनिंग सुरू होत होती. बोस्टनचे क्षेत्ररक्षक अजून जागेवर पोहोचायचे होते. पिचर एड कार्गर यांनी हात मोकळा करण्यासाठी एक हलका चेंडू टाकला. स्टफी मॅकिनिस पटकन पुढे आले, त्यांनी तो टोलवला आणि रिकाम्या मैदानात सगळे बेस पळून काढले. नियमानुसार सरावाचा चेंडू अस्तित्वातच नव्हता. त्यामुळे पंचांनी होम रन दिला. बोस्टनने हरकत घेतली, पण निर्णय कायम राहिला.

पंचांच्या अधिकाराची ढाल झालेल्या जॉन्सन यांच्याच नियमाने पंचांना विचित्र निर्णय द्यावा लागला. सराव बंद केला तरी त्याची गरज संपत नाही, हे त्या एका फटक्यात दिसले. पुढे हा नियम टिकला नाही.

सत्ता कशी गेली?

१९१९ मध्ये पिचर कार्ल मेज रेड सॉक्स सोडून गेले आणि यांकीजकडे विकले गेले. जॉन्सन यांनी त्यांना निलंबित केले, पण यांकीज न्यायालयात गेले आणि मेज खेळले. त्याच वर्षी शिकागो व्हाइट सॉक्सच्या खेळाडूंनी पैसे घेऊन वर्ल्ड सिरीज हरल्याचा आरोप पुढे आला. त्या क्लबचे मालक चार्ल्स कॉमिस्की हे जॉन्सन यांचे जुने मित्र, पण तोवर कडवे विरोधक झाले होते. १९२० मध्ये मालकांनी न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस यांना सर्वाधिकारी आयुक्त नेमले. अंतिम शब्द आता जॉन्सन यांचा उरला नाही. लँडिस यांच्याशी सतत खटके उडाले आणि १९२७ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. २८ मार्च १९३१ रोजी सेंट लुईसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी आलेले अध्यक्ष अर्नेस्ट बर्नार्ड आदल्याच दिवशी वारले होते. १९३७ मध्ये जॉन्सन यांची बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली.

आज नियम काय सांगतो?

बंदीऐवजी आता मोजमाप आहे. अमेरिकेतील फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये अर्धी इनिंग सुरू होताना पिचरला साधारणपणे एक मिनिट आणि जास्तीत जास्त पाच चेंडू मिळतात. त्याहून जास्त टाकलेल्या प्रत्येक चेंडूमागे बॅटरला एक ‘बॉल’ दिला जातो. दुखापत किंवा बदली खेळाडूच्या नोंदीमुळे पंचांनीच खेळ थांबवला असेल, तर हा दंड लागत नाही. काही नियमावल्यांत पिचर आणि कॅचरच्या जागी बेसवर दुसरा धावपटू ठेवता येतो, म्हणजे त्यांना पुढच्या इनिंगची तयारी वेळेत करता येते.

मेजर लीग बेसबॉलने २०२३ मध्ये पिचरसाठी घड्याळ आणले. त्यानंतर नऊ इनिंगच्या सामन्याची सरासरी वेळ ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० मिनिटांवर आली. जॉन्सन यांना हवी असलेली गती अखेर मिळाली, तीही पिचरचे सरावाचे चेंडू कायम ठेवून. महाराष्ट्रातही शाळा-कॉलेजांत सॉफ्टबॉल खेळला जातो. पुढच्या वेळी सामना पाहाल तेव्हा इनिंग बदलताना होम प्लेटजवळच्या पंचांकडे लक्ष द्या. प्लेट साफ करता करता ते पिचरचे चेंडू मोजत असतात आणि शेवटचा चेंडू कोणता, हेही तेच सांगतात.