पद्मभूषण ताराबाई मोडक : शाळा मुलांच्या अंगणात नेणाऱ्या बाई



कापूस वेचणी सुरू झाली की आपल्या हिंगणी भागातल्या शाळांची हजेरी कशी उतरते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आई-बाप सकाळीच वावरात जातात आणि तिसरी-चौथीतली पोरगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी थांबते. आपण हजेरीपटावर तिची गैरहजेरी मांडतो. मग पालकांना निरोप, गृहभेट, पुन्हा निरोप. हा प्रश्न आजचा वाटतो, पण सुमारे 80 वर्षांपूर्वी एका बाईंनी याच प्रश्नाला हात घातला होता. आज त्यांचीच ओळख करून घेऊ या.

बालपण आणि शिक्षण

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई प्रार्थना समाजाच्या सुधारक विचारांचे होते. उमाबाई विधवा होत्या आणि सदाशिवरावांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला होता. त्या काळात अशा घराला समाजाची बोलणी खावी लागत. पण त्याच घरात मुलीच्या शिक्षणाला मोकळीक होती. ताराबाई 1914 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. मुलगी चौथी शिकली तरी पुष्कळ म्हणायचे, असे ते दिवस!

लग्नानंतर त्या आपल्या विदर्भात, अमरावतीला आल्या. पती कृष्णराव मोडक वकील होते. हा संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन ताराबाई वेगळ्या झाल्या आणि स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्य झाल्या. शिक्षिका घडवणारी ही संस्था होती. मान होता, पगार होता. एकट्या बाईला आणि तिच्या लेकराला आणखी काय हवं?

भावनगरचं वळण

पण भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका लहान मुलांचं बालमंदिर चालवत होते. तिथं मार नव्हता, धाक नव्हता. मूल हातानं काम करत शिकायचं. ताराबाईंनी प्राचार्यपद सोडलं आणि त्या गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. मोठ्या पदावरून लहान मुलांच्या वर्गाकडे यायचं, हे आजही कुणाला सहज पटणार नाही.

दोघांनी मिळून 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू केला. शिक्षणपत्रिका काढली. गिजुभाई गुजरातीत लिहायचे, मराठी वाचकांची बाजू ताराबाईंनी सांभाळली. पुढे त्या मुंबईला परतल्या आणि 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू केलं. तिथं बालवर्गासोबत शिक्षकांच्या प्रशिक्षणाचीही सोय झाली.

शहरात काम छान चाललं होतं. पण एक गोष्ट त्यांना टोचत होती. मॉन्टेसरी पद्धतीची साधनं महाग. त्यामुळे हे शिक्षण खाऊन-पिऊन सुखी घरांपुरतंच राहत होतं. खेड्यातल्या, गरिबाच्या मुलाचं काय?

बोर्डी आणि अंगणवाडी

इथं आपल्या वर्धा जिल्ह्याचा धागा जुळतो. 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या नई तालीमची मांडणी झाली. सुरुवातीला ती 7 ते 14 वर्षांच्या मुलांपुरती होती. पुढे 1945 च्या सुमारास सेवाग्रामहून तिचा विस्तार झाला आणि सात वर्षांखालचं मूलही त्या विचारात आलं. त्याच वर्षी ताराबाईंनी बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. त्यांचं वय तेव्हा 53 होतं. सोबतीला अनुताई वाघ आल्या. अनुताई अनुभवी शिक्षिका होत्या आणि पुढे आयुष्यभर त्या या कामात राहिल्या.

केंद्र उघडलं, पण वारली पाड्यांवरची मुलं येईनात. घरी भावंडं सांभाळायची, पोटाची चिंता, अंगावर धड कपडे नाहीत आणि शाळेची ओळखच नाही. मग ताराबाईंनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नाही ना, तर शाळा मुलाच्या अंगणात जाईल! शिक्षिका पाड्यावर जाऊ लागल्या. आधी मुलांना आंघोळ, नखं कापणं, केस विंचरणं. मग गाणी, गोष्टी, खेळ. ही अंगणात भरणारी शाळा म्हणजेच अंगणवाडी. आज गावोगावी आपण हा शब्द किती सहज वापरतो, पण त्याचं मूळ इथं आहे.

महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, माती आली. मोजायला चिंचोके असले की झालं!

कोसबाडची टेकडी

1957 मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीच्या आणखी जवळ गेलं. तिथं विकासवाडी उभी राहिली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. धाकटं भावंडं पाळणाघरात, मधलं बालवाडीत आणि सांभाळणारी ताई तिच्या वर्गात. गुरं राखणारी पोरं दिवसा येऊ शकत नव्हती, म्हणून शिक्षक कुरणावर गेले. गुरं चरताहेत आणि शेजारी वर्ग भरलाय, ही कुरणशाळा.

1962 मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचं निधन झालं. त्यानंतर अनुताईंनी 1992 पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत, कोसबाडचं काम पुढे नेलं. आणि 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी.

आपल्यासाठी काय?

शिक्षक मित्रांनो, आपली अडचण खरी आहे. दोन शिक्षकी शाळेत चार-पाच वर्ग, त्यात एकाकडे मुख्याध्यापकाचा प्रभार. पोषण आहाराची नोंद, यू-डायस, शालार्थ, बैठका, वरून तातडीनं मागवलेली माहिती. प्रभारी गुरुजी मोबाईलवर माहिती भरत बसले की त्यांचे वर्ग शेजारच्या बाईंकडे. अशात कुरणशाळा काढा म्हणणं सोपं आहे. ताराबाईंकडे स्वतःची संस्था होती, वेळापत्रक त्या स्वतः ठरवत. आपल्याला ती मोकळीक नाही आणि ती मागत राहणं चूक नाही.

तरी दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिली, गैरहजेरीचं कारण. पोरगी भावासाठी घरी राहते आहे, हे कळलं तर अंगणवाडी ताईंशी बोलता येतं. भाऊ तिथं बसला तर बहीण शाळेत येईल. विकासवाडीची युक्ती हीच तर होती.

दुसरी गोष्ट मुख्याध्यापकांसाठी. ताराबाईंनी आयुष्यभर माणसं तयार केली, म्हणून त्यांच्यामागे 19 वर्षं अनुताई काम चालवू शकल्या. तुमची बदली झाल्यावर शाळेतलं कोणतं काम चालू राहील आणि ते कोण करेल, याचा विचार आजच करायला हवा.

आणि पालकहो, वेचणीच्या दिवसांत मजुरी सोडा असं कुणी म्हणणार नाही. फक्त लहानग्याला अंगणवाडीत ठेवून मोठीला शाळेत पाठवा. सोय होत नसेल तर शाळेत येऊन तसं सांगा. वाट दोघांनी मिळून शोधू.