प्रा. धनंजयराव गाडगीळ

खरें कारण कोणतें व केवळ योगायोग कोणता, हें पारखण्यास ज्यांनीं आपणांस शिकविलें, अशा एका अर्थशास्त्रज्ञाचा परिचय आम्ही येथें करून देत आहों.

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म १९०१ सालीं नाशिक येथें झाला. केंब्रिज येथें अध्ययन करून ते स्वदेशीं परतले व १९३० सालीं पुण्यास स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले.

त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत गोदावरी व प्रवरा यांचे कालवे आले आणि ऊंस डोलूं लागला. परंतु कालव्यांवर झालेला खर्च सार्थकीं लागला काय? पूर्वींची व नंतरची स्थिति ताडून पाहणें पुरेसें नव्हतें. कारण मध्यंतरीं बाजारभाव पालटले, १९३२ सालीं साखरधंद्यास जकातीचें संरक्षणहि मिळालें. तें सारें श्रेय पाण्यास देणें न्याय्य नव्हे. म्हणून त्याच टापूंतील बागाईत व जिराईत शेतीचे हिशेब शेजारीं शेजारीं मांडावे लागतात. ह्या कालव्यांच्या लाभांविषयींचा त्यांचा पाहणीग्रंथ १९४८ सालीं प्रसिद्ध झाला.

पुढें प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटील यांच्यासह त्यांनीं शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारला. १९६७ सालीं ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. १९७१ सालीं निवर्तले.

आपला धाराशिव जिल्हा अवर्षणाचा. तळें झाल्यानें गांव सुधारलें, असें कोणी म्हटल्यास, तळें नसलेल्या शेजारच्या गांवाचें काय झालें, हें आधीं विचारावें, अशी पालकांस व मुलांस आमची विनंती आहे.