श्रीपाद कृष्ण कोल्हटकर : सुदाम्याला पुढच्या गोष्टीत नेणारे वकील

महाराष्ट्रगीत लिहिणारे कवी म्हणून कोल्हटकर मुलांना माहीत असतात. पण ते आपल्या बुलढाणा जिल्ह्यात वकिली करत होते आणि मराठी विनोदी लेखाचा पाया त्यांनीच घातला, हे सांगितलं की मोठी माणसंही चमकतात.

जन्म २९ जून १८७१, नागपूर. पुण्याला डेक्कन कॉलेजात शिकले, कायद्याची पदवी घेतली आणि अकोला, खामगाव, जळगाव जामोद इथे वकिली केली. सातपुड्याच्या पायथ्याचं जळगाव म्हणजे मुंबई-पुण्याच्या वाङ्मयमंडळींपासून किती लांब! पण कोर्टात रोज नवं नाटक. १९०२ साली ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात त्यांचा पहिला विनोदी लेख आला, त्याचं नावच ‘साक्षीदार’. वकिलाला विषय शोधायला लांब जावं लागलं नाही.

पुढे हे लेख ‘सुदाम्याचे पोहे’ या नावाने पुस्तकात आले. नाव बघा. मूळ गोष्टीत गरीब सुदामा कृष्णाला मूठभर पोहे देतो. इथला सुदामा तेच नाव घेऊन मराठी समाजात हिंडतो, बरोबर बंडूनाना आणि पांडुतात्या हे दोघे मित्र. जुन्या रूढी, खुळ्या समजुती, सभा-संमेलनांचा थाट, सगळ्यांची तो फिरकी घेतो. एका लेखात तर चोरांचंच संमेलन भरतं! जणू जुन्या कथेचा पुढचा भागच वाचतोय असं वाटतं.

यातूनच वर्गासाठी एक उपक्रम निघतो. प्रसिद्ध गोष्टीच्या ‘भाग दुसरा’चं फक्त पहिलं वाक्य लिहायचं, तेही हसू येईल असं. नमुन्यादाखल माझी तीन :

सुदामा द्वारकेहून परतला तेव्हा झोपडीच्या जागी सोन्याचा वाडा होता, आणि दारात ग्रामसेवक नवी घरपट्टी लावायला टेप घेऊन उभा होता.

शर्यत जिंकल्यावर कासवाचे इतके सत्कार ठरले की शेवटच्या सत्काराला ते अजून पोचलेलं नाही.

बिरबलाची खिचडी एकदाची शिजली, नेमके तेव्हाच पोषण आहाराची वही तपासायला साहेब आले.

पालक विचारतात, पुराणातल्या सुदाम्याची थट्टा कशाला? रास्त प्रश्न आहे. पण पहिलं वाक्य परत वाचा. हसू येतं ते घरपट्टीचं, सुदाम्याचं नाही. कोल्हटकरांचा रोखही त्यांच्या काळातल्या माणसांवर होता. आणि ज्याची थट्टा करायची ते आधी नीट माहीत हवं. हा विनोदी लेखक ‘भारतीय ज्योतिर्गणित’ नावाचा ग्रंथ लिहिणारा गणिताचा अभ्यासक होता, हे विसरू नका. ज्या मुलाने खिचडीची गोष्ट वाचलीच नाही, त्याला तिचा पुढचा भाग सुचणार कुठून?

एक मात्र खरं, त्यांची भाषा आज जड जाते. कोटीवर कोटी, लांबलचक वाक्यं. ‘वीरतनय’, ‘मूकनायक’, ‘मतिविकार’ ही नाटकं एके काळी गाजली, आता अभ्यासकच उघडतात. म्हणून अख्खा लेख मुलांच्या हाती देऊ नये. एखादा परिच्छेद आपण वाचून दाखवावा, तोही अभिनयासह.

त्यांची वाट पुढे नेली राम गणेश गडकऱ्यांनी. ते कोल्हटकरांना गुरू मानत आणि ‘बाळकराम’ या नावाने विनोदी लेख लिहीत. दुर्दैव असं की शिष्य १९१९ मध्येच गेला, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. गुरू त्यानंतर पंधरा वर्षं जगले. १९२७ साली पुण्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. संमेलनांवर हसणारा माणूस संमेलनाच्याच खुर्चीवर! १ जून १९३४ रोजी त्यांचं निधन झालं.

उपक्रम सहावी ते आठवीला चांगला जमतो. आधी सुदाम्याची मूळ गोष्ट पूर्ण सांगा, मग एका वाक्यासाठी दहा मिनिटं द्या. घरपट्टी मात्र मीच वापरून टाकली आहे, मुलांना दुसरं काही शोधू द्या.