एदुआर लुका : ३९ अंकी मूळ संख्येचा शोधकर्ता

संगणक अस्तित्वात नसताना केवळ हाताच्या आकडेमोडीने एक ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे सिद्ध करणारे गणितज्ञ म्हणून फ्रान्सच्या एदुआर लुका यांचे नाव अजरामर झाले आहे. १८७६ मध्ये सिद्ध झालेली ही संख्या म्हणजे २ चा १२७ वा घात वजा १.

लुका यांचा जन्म ४ एप्रिल १८४२ रोजी आमियां येथे झाला. पॅरिसमध्ये उच्च शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी तेथील वेधशाळेत काम केले. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात ते तोफखान्याचे अधिकारी होते. युद्धानंतर ते शिक्षकी पेशात आले आणि अखेरपर्यंत त्याच पेशात राहिले.

फ्रान्समधील धर्मोपदेशक मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये २ च्या घातातून १ वजा केल्यावर मिळणाऱ्या मूळ संख्यांची यादी दिली होती. ६७ आणि १२७ हे घात त्या यादीत होते. पुरावा मात्र नव्हता. १२७ व्या घाताची संख्या नेहमीच्या रीतीने तपासायची, तर २० अंकी संख्येपर्यंतचे विभाजक पडताळावे लागले असते. हे काम एका आयुष्यात होणारे नव्हते.

लुका यांनी विभाजक शोधण्याचा मार्गच सोडला. ठरावीक संख्येपासून आरंभ करून तिचा वर्ग करायचा, त्यातून २ वजा करायचे, तपासावयाच्या संख्येने भागून उरलेली बाकी पुढे न्यायची, अशी त्यांच्या कसोटीची रीत आहे. आजच्या प्रचलित रूपात ३१ साठी ४, १४, ८ असा क्रम येतो आणि पुढच्या पायरीला ६२ मिळून ३१ ने नि:शेष भाग जातो. म्हणून ३१ मूळ ठरते. १२७ व्या घातासाठी अशा सुमारे सव्वाशे पायऱ्या पुरतात.

याच रीतीने त्यांनी ६७ व्या घाताची संख्या मूळ नसल्याचे, तिचा एकही विभाजक न सांगता, दाखवून दिले. मर्सेन यांची यादी तेथे चुकली होती. त्या संख्येचे विभाजक अमेरिकेचे फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये जाहीर केले.

'हनोईचा मनोरा' हे १८८३ मधील प्रसिद्ध कोडेही लुका यांचेच. त्यासोबत काशीच्या मंदिरातील ६४ सुवर्ण चकत्यांची कल्पित कथा प्रसृत झाली. त्या चकत्या हलविण्यास लागणाऱ्या किमान चालींची संख्या २ चा ६४ वा घात वजा १, म्हणजे मर्सेन यांच्याच साच्यातील आहे.

१८९१ मध्ये एका मेजवानीत फुटलेल्या ताटाचा तुकडा त्यांच्या गालाला लागला. जखमेतून संसर्ग झाला आणि ३ ऑक्टोबर रोजी, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या संख्येचा सर्वांत मोठ्या ज्ञात मूळ संख्येचा मान १९५१ पर्यंत, म्हणजे ७५ वर्षे अबाधित राहिला. अमेरिकी गणितज्ञ डेरिक हेन्री लेमर यांनी १९३० मध्ये सुलभ केलेली त्यांची कसोटी आजही वापरात आहे. २०२४ मध्ये सापडलेल्या ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्येची खातरजमाही तिनेच करण्यात आली.