हार्लेमच्या सॅव्हेजबाई

परमपूज्य बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. विद्यापीठाच्या शेजारीच हार्लेम ही वस्ती. दक्षिणेकडील राज्यांतील वर्णद्वेषाला विटलेली कृष्णवर्णीय कुटुंबे त्या वर्षांत तेथे येऊन स्थिरावत होती. बाबासाहेबांनी न्यूयॉर्क सोडल्यानंतर पाच वर्षांनी, १९२१ मध्ये, फ्लोरिडातून एक तरुण स्त्री जवळ जेमतेम पाच डॉलर घेऊन त्या शहरात उतरली. शाळेतील कलाशिक्षणाचा विषय निघाला की आम्हांस त्या स्त्रीचे, ऑगस्टा सॅव्हेज यांचे, चरित्र प्रथम आठवते.

त्यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९२ रोजी ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज या गावी झाला. चौदा भावंडांत त्या सातव्या. गावात विटांची माती मुबलक होती आणि लहानगी ऑगस्टा तिची बदके घडवीत असे. वडील धर्मोपदेशक. मूर्ती घडविणे त्यांना पाप वाटे आणि त्यापायी मुलीला वरचेवर मार बसे. १९१५ मध्ये कुटुंब वेस्ट पाम बीच येथे गेले. तेथील वाळूत चिकणमाती मिळेना, तेव्हा ऑगस्टाने एका कुंभाराकडून ती मागून आणली. त्या मातीतून घडलेली मेरीमातेची मूर्ती पाहून वडिलांचा विरोध मावळला. शाळेच्या मुख्याध्यापकांनी तर पुढचे पाऊल टाकले. मातीकामाचा वर्ग त्यांनी या मुलीकडेच सोपविला आणि रोज एक डॉलर मेहनताना देवविला.

या मुख्याध्यापकांपाशी आम्ही नेहमी थबकतो. चित्रकलेचा तास परीक्षेच्या दिवसांत गणिताला दिला जातो, हे आम्ही सेवाकाळात कितीदा तरी पाहिले. खरे सांगायचे तर इतिहासाचा अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी आम्हीही तो घेतला आहे. तेथे मात्र मारहाण सोसून जपलेल्या छंदाला शाळेच्या वेळापत्रकात जागा मिळाली, आणि एक शिक्षिका जन्मास आली.

न्यूयॉर्कमधील कूपर युनियन या विनाशुल्क संस्थेतील चार वर्षांचा शिक्षणक्रम सॅव्हेजबाईंनी तीन वर्षांत पूर्ण केला. १९२३ मध्ये फ्रान्समधील फॉन्टेनब्लो येथील उन्हाळी कलाशाळेसाठी त्यांनी अर्ज केला. वर्ण कळताच निवड समितीने तो नाकारला. दक्षिणेतील गोऱ्या विद्यार्थिनींना त्यांच्यासोबत राहणे अवघड जाईल, असे कारण पुढे आले. विटाळाची ही भाषा आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. बाईंनी प्रकरण वृत्तपत्रांत नेले. समिती नमली नाही, आणि भांडखोर हा शिक्का मात्र पुढे बराच काळ त्यांना भोवला.

तिरकी टोपी घातलेल्या कृष्णवर्णीय पोराचे 'गॅमिन' हे त्यांचे शिल्प. त्याच्या बळावर १९२९ मध्ये शिष्यवृत्ती मिळून त्या पॅरिसला पोहोचल्या. परतल्या तेव्हा अमेरिकेत महामंदी होती आणि शिल्पे विकत घेणारे उरले नव्हते. १९३२ मध्ये त्यांनी हार्लेममध्ये स्वतःची कार्यशाळा उघडली आणि वस्तीतील मुलांना, तरुणांना विनामूल्य शिकवू लागल्या. त्यांच्या शिल्पांतील कित्येक चेहरे त्यांच्याच समाजातील होते. रस्त्यावरचा पोरगा, तसे डु बॉइस आणि मार्कस गार्व्हे हे पुढारीही. याच डु बॉइस यांच्याशी बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्रव्यवहार केला. आमच्या मुलांच्या वहीत मात्र अजूनही दोन डोंगर, मधला सूर्य आणि नारळाचे झाड. घरात हलगी वाजविणारा चुलता असतो. त्याचे चित्र काढावे, असे त्यांना कोणी सांगत नाही.

मंदीत सरकारने कलावंतांना काम देण्याची योजना काढली, तेव्हा कृष्णवर्णीय कलावंतांना त्यात जागा मिळावी म्हणून बाई झगडल्या. जेकब लॉरेन्स या तरुणाला घेऊन त्या स्वतः कचेरीत गेल्या. वय कमी म्हणून तो परत पाठविला गेला. तो प्रसंग विसरून गेला होता. बाई विसरल्या नव्हत्या. पुढल्या वर्षी त्यांनी त्याला पुन्हा नेले आणि त्याचे नाव लागले. याच लॉरेन्सने हैतीच्या मुक्तिलढ्याचा नायक तूसाँ लुव्हर्त्यूर याचे जीवन ४१ चित्रांत, आणि दक्षिणेतून उत्तरेकडे झालेले आपल्या लोकांचे स्थलांतर ६० चित्रांत मांडले. त्याची शाळेची पुस्तके या दोन्ही विषयांवर मुकीच होती.

१९३७ मध्ये त्याच योजनेतून हार्लेम सामुदायिक कलाकेंद्र उभे राहिले आणि बाई त्याच्या संचालिका झाल्या. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी त्यांना शिल्पाचे काम मिळाले. त्यासाठी त्यांनी रजा घेतली. परतल्या तेव्हा त्यांच्या जागी दुसरी नेमणूक झालेली होती. स्वतः उभारलेल्या केंद्रात त्यांना जागा राहिली नाही. समाजकार्यात आयुष्य घातलेल्या कित्येकांना हा अनुभव ओळखीचा वाटेल.

ते शिल्प १९३९ च्या प्रदर्शनात लागले. सोळा फूट उंचीची वीणा, आणि तारांच्या जागी ओळीने उभी राहून गाणारी बारा कृष्णवर्णीय माणसे. लाखो लोकांनी ते पाहिले. पण शिल्प प्लास्टरचे होते. ते कांस्यात ओतून घेण्याइतका पैसा बाईंकडे नव्हता. प्रदर्शन संपले तेव्हा इतर तात्पुरत्या बांधकामांबरोबर तेही पाडण्यात आले.

१९४५ च्या सुमारास त्या सॉगर्टीज या लहान गावी राहावयास गेल्या. तेथे मशरूमच्या शेतीवर नोकरी केली आणि उन्हाळ्यात मुलांना कला शिकविली. मार्च १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या वीणेची छायाचित्रे आहेत, आणि प्रदर्शनात आठवण म्हणून विकल्या गेलेल्या, टेबलावर मावतील अशा काही छोट्या प्रतिकृती.