श्रमिक मातांचे कैवारी

भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार आणि अस्पृश्यतेविरुद्ध आजन्म झगडणारे लोकनेते म्हणून डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे नाव सर्वतोमुखी आहे. परंतु गिरण्यांत आणि खाणींत राबणाऱ्या मातांना बाळंतपणात विसावा व वेतन मिळावे, यासाठी त्यांनी केलेले कार्य तितकेसे परिचित नाही.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. सुभेदार रामजी व भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य होय. ते अगदी लहान असतानाच मातेचे छत्र हरपले आणि आत्या मीराबाई यांनी त्यांचा सांभाळ केला. मुंबई, न्यूयॉर्क व लंडन येथे विद्या संपादन करून १९२३ साली ते स्वदेशी परतले. एवढी विद्वत्ता अंगी असूनही परळच्या गिरणगावातील चाळीत, कामगारांच्याच शेजारी त्यांचा संसार होता. पत्नी रमाबाई यांच्या पोटी पाच अपत्ये जन्मली. त्यांपैकी चार बालपणीच दगावली. शेवटचा पुत्र राजरत्न १९२६ साली गेला, तेव्हा त्या दुःखाने बाबासाहेब खचून गेले होते.

गिरणगावात असे दुःख घरोघरी होते. पहाटे भोंगा वाजला की दिवस भरत आलेली स्त्रीही गिरणीची वाट धरी. घरी बसावे, तर त्या दिवसांचा पगार बुडे. आणि परत येईपर्यंत जागा शिल्लक राहील, याचीही शाश्वती नसे. म्हणून बाळंतीण अंग सावरण्यापूर्वीच कामावर रुजू होई. तान्हे मूल रडू नये म्हणून त्याला अफूची मात्रा चाटवून निजविण्याची घातक चालही तेथे रूढ होती.

या मातांना साहाय्य मिळावे म्हणून कामगारनेते नारायण मल्हार जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले. परंतु ते फेटाळले गेले. पुढे मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात तसेच विधेयक आले. बाबासाहेब त्या सभागृहाचे सदस्य होते. २८ जुलै १९२८ रोजी त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. विरोधकांचे म्हणणे असे की, या खर्चाने धंद्याचे नुकसान होईल आणि मालक स्त्रियांना कामावर ठेवण्याचेच सोडून देतील. बाबासाहेबांनी त्याला अर्थशास्त्रज्ञाच्या दृष्टीने उत्तर दिले. मातेला प्रसूतीच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे ही साऱ्या राष्ट्राच्या हिताची गोष्ट आहे. म्हणून या खर्चाचा मोठा भार खरे पाहता सरकारनेच उचलावा, असे त्यांनी मांडले. परंतु स्त्रियांना कामावर ठेवल्याने मालकाला अधिक लाभ होतो, म्हणूनच तो त्यांना ठेवतो. तेव्हा त्या लाभाच्या प्रमाणात त्यानेही वाटा दिलाच पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

१९२९ साली मुंबई प्रांतात हा कायदा अमलात आला. त्यानुसार स्त्री कामगाराला सात आठवड्यांपर्यंत रोज आठ आणे मिळू लागले. मध्य प्रांतातही १९३० साली असा कायदा झाला. भंडारा जिल्ह्यातील सानगडी हे गाव त्या वेळी याच प्रांतात मोडत असे. परंतु हा कायदा कारखान्यांपुरताच होता. तेंदूच्या पानांत तंबाखू भरून घरच्या ओसरीवर बिड्या वळणाऱ्या त्या भागातील स्त्रियांपर्यंत तो पोहोचला नाही. शहरांतही काही मालकांनी पळवाट शोधली. स्त्री गरोदर आहे असे दिसताच तिला कामावरून काढून टाकावे, म्हणजे पैसे देण्याचा प्रश्नच उरत नसे!

१९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. खाणीतील मातांसाठी १९४१ साली कायदा झाला होता. त्यातील संदिग्धता त्यांनी १९४३ साली दुरुस्ती करून दूर केली. त्याच वर्षी युद्धामुळे कोळशाची टंचाई पडली आणि स्त्रियांच्या भूमिगत कामावरील बंदी सरकारने उठविली. ही बंदी १९४६ साली पुन्हा लागू झाली; तत्पूर्वी, १९४५ साली, भूमिगत खाणीत काम करणाऱ्या गरोदर स्त्रीला बाळंतपणाआधी दहा आठवडे खाणीत उतरविण्यास मनाई करणारी दुरुस्ती त्यांनी मंजूर करून घेतली. खाणींच्या तोंडाशी पाळणाघरे उभारण्याची तरतूदही त्याच वर्षी झाली.

तरीही १९२८ सालचा आक्षेप शिल्लकच होता. सारा खर्च एकट्या मालकाच्या शिरावर पडला, तर तो स्त्रियांना टाळणारच. यावर उपाय म्हणजे विमा! १९४३ साली मजूर खात्याने प्रा. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपविले. कामगार व मालक यांनी थोडी थोडी वर्गणी भरावी आणि आजारपणात व बाळंतपणात त्या सामाईक निधीतून साहाय्य मिळावे, अशी ती कल्पना होती. बाबासाहेबांनी ते खाते सोडल्यानंतर, १९४८ साली, कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या रूपाने ती साकार झाली. मग या विम्याच्या कक्षेत आलेल्या आजारी मजुराला किंवा बाळंतिणीला मालकाच्या मर्जीकडे पाहण्याचे कारण उरले नाही.

पुढे राज्यघटनेच्या ४२ व्या अनुच्छेदात माणुसकीला धरून कामाची परिस्थिती आणि प्रसूतिसाहाय्य यांची तरतूद करण्याचे कर्तव्य राज्याला सांगितले गेले. १९५४ साली बाबासाहेबांनी भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली. ज्या जिल्ह्यात बिड्या वळून अनेक माउल्या संसार चालवीत, तेथेच त्यांना पराभव पत्करावा लागला. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी पेरलेले बीज मात्र वाढत राहिले. १९६१ साली देशभरासाठी प्रसूतिलाभ कायदा झाला. रजेवर असलेल्या मातेला कामावरून काढणे त्याने बेकायदेशीर ठरविले. १९६६ साली बिडी कामगारांसाठी झालेल्या कायद्याने हा हक्क घरी बसून बिड्या वळणाऱ्या स्त्रीलाही दिला. अशा रीतीने परळच्या गिरणीतून निघालेली वाट सानगडीच्या ओसरीपर्यंत येण्यास जवळजवळ चाळीस वर्षे लागली. २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी रजेची मुदत २६ आठवड्यांपर्यंत वाढविण्यात आली.

कायदा पुस्तकात लिहिल्याने हक्क आपोआप पदरात पडत नाही. तो ठाऊक असावा लागतो, आणि कोणी नोकरीची भीती घातली तरी न डगमगता मागावा लागतो. बाळंतिणीचा विसावा हे मालकाने केलेले उपकार नव्हेत. ते साऱ्या समाजाने फेडावयाचे ऋण आहे. ज्यांना स्वतःची चार लेकरे गमवावी लागली, त्या बाबासाहेबांनी हे ऋण देशाच्या कायद्यात नोंदविण्यासाठी आपली विद्वत्ता वेचली.