बाबासाहेबांची पायपीट



आपल्या गटातल्या कितीतरी घरांची मुलं आज परदेशात शिकतायत. उजव्या बाजूने धावणाऱ्या गाड्या, थंडी, बेचव जेवण, फोनवर रोज तेच विषय. त्यावरूनच या वेळी आम्ही बडोद्याच्या भगिनींनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे शिक्षणाचे दिवस लिहायला घेतले.

जन्म १४ एप्रिल १८९१, आपल्या इंदूरकरांच्या शेजारच्या महूचा. लहानपणी भावंडांसोबत वडिलांकडे जाताना मसूर स्टेशनवर त्यांची जात कळली आणि एकही बैलगाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तेही गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार या अटीवर! नऊ-दहा वर्षांचं पोर, बैल हाकतंय. अंगावर काटा येतो.

सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ च्या जुलैत ते न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. वसतिगृहातलं जेवण रुचेना म्हणून जागा बदलली. पुढे नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले, ती मैत्री जन्मभर टिकली. रस्त्यावर, वर्गात, जेवणाच्या टेबलावर जात विचारणारं तिथे कुणी नव्हतं. अशी मोकळीक त्यांना प्रथमच मिळत होती.

तिथून १९१६ मध्ये लंडन. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये नोकरीसाठी आमच्या बडोद्याला यावं लागलं. इथे राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं बाहेर काढायला आली. ज्या कमाटी बागेत आम्ही मुलांना खेळायला नेतो, तिथेच त्यांनी मुंबईच्या रात्रीच्या गाडीची पाच तास वाट पाहिली. बडोदेकर म्हणून हे लिहिताना मान खाली जाते.

तरी १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेलेच. प्राध्यापकीत साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत, भथेनांकडून पाच हजार उसने. इथे बसमध्ये बसायला कुणाची मनाई नव्हती, पण भाडं परवडत नव्हतं! म्हणून पायीच. सकाळी घरमालकीण पाव आणि थोडे मासे देई, दुपारी बहुतेक उपासच. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयातून ते बंद होताना उठायचे. रात्री दहाला भूक लागली की ओळखीच्यांनी दिलेले चार पापड भाजायचे, कपभर दूध घ्यायचं आणि परत पुस्तक. (पापड म्हणजे आपल्याकडे तोंडी लावणं, तिथे ते जेवण झालं.)

१९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले, १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी. एस्सी. मिळाली.

त्या दिवसांत ते किंग हेन्रीज रोडवर १० नंबरच्या घरात राहत. महाराष्ट्र सरकारने ते घेतलं असून आता तिथे स्मारक आहे. लंडनमध्ये असलेल्या आपल्या मुलांना सांगा, तिथून ब्रिटिश म्युझियमपर्यंत एकदा चालत जाऊन बघा. पाऊण-एक तास लागतो.